अंगठा तुटला तर हळद नको, बर्फही थेट नको

मे महिन्यात लाकडं फोडताना आमच्या ह्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर कुऱ्हाड बसली. अंगठा वेगळाच झाला. सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या, पुतण्या मासेवाल्याकडचा बर्फ घेऊन आला. अंगठा त्यात टाकणार, एवढ्यात शेजारचे कंपाउंडर ओरडले, "अरे थांब, वाया जाईल तो!"

त्यांनी केलं ते असं. जखमेवर धुतलेला टॉवेल दाबून पाय उंच धरायचा. तुटलेल्या अंगठ्यावरची माती सलाइनने, म्हणजे मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, हलकेच धुवायची, चोळायची नाही. सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये (जखमेच्या जाळीदार कापडात) तो गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट लागला तर मांस गोठून खराब होतं. अंगठा कातडीला लोंबत असेल तर तोडू नका. जखमीला चहापाणी देऊ नका, भूल द्यायची असते. आणि निघण्याआधी फोन करून विचारा, मायक्रोसर्जरी (मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडणं) करणारे प्लास्टिक सर्जन आत्ता आहेत का? आमचा अर्धा तास एका दवाखान्यात नुसती पट्टी बांधण्यात गेला.

आधी हाडात तार घातली, मग मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने रक्तवाहिन्या शिवल्या. सात तास लागले. बाकीची बोटं सहसा जोडत नाहीत म्हणे; चालताना अंगठ्यावर भार येतो, म्हणून हा खटाटोप.

खरी राखण त्यानंतर. दर तासाला सिस्टर बॅटरी मारून अंगठा दाबायच्या. दाबल्यावर पांढरा, सोडल्यावर लगेच गुलाबी, म्हणजे ठीक. पांढराफटक राहिला तर रक्त पोचत नाही, जांभळा पडला तर परत फिरत नाही. दुसऱ्या रात्री जांभळट झाला. साठलेलं रक्त शोषून घ्यायला जळवा लावल्या! मी तोंड फिरवलं, ह्यांना काही कळलंच नाही.

खोली उबदार ठेवायची, म्हणून ऐन उन्हाळ्यात एसी बंद. चहा बंद, तंबाखू तर सक्त बंद, कारण तिने रक्तवाहिन्या आवळतात. भेटायला आलेल्या दिराच्या खिशातून पुडी मी स्वतः काढून घेतली.

सहा आठवड्यांनी तार निघाली. तोवर टाचेवर, वॉकर धरून. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे अंगठा बरेच महिने बधिर राहतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही. डिसेंबरात अंगठा ठणकायला लागला, तेव्हापासून हे रात्री लोकरीचा मोजा घालतात, एकाच पायात.