बोटीवर गेला तो परतलाच नाही: महायुद्धात हरवलेल्या खलाशाचे गाव कसे शोधावे

कोकणातल्या बऱ्याच घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते: "आजोबांचा एक भाऊ बोटीवर होता, लढाईत गेला." कुठली बोट, कुठले साल, कुठला समुद्र, हे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. उलट कराचीत, केप टाउनला किंवा लंडनला वाढलेल्या एखाद्या पणतूकडे स्मारकावरचे नाव असते, बोटीचे नाव असते, तारीखही असते, पण गाव नसते. हा लेख मुख्यतः त्या पणतूसाठी आहे. ज्यांच्याकडे गाव आहे पण बोट नाही, त्यांनी शेवटून सुरुवात केली तरी चालेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. एकटा खलाशी शोधायला गेलात तर तो सापडणे कठीण. त्याची टोळी शोधा. इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर आपली माणसे एकेकटी लागत नसत. सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, माणसे जमवी, आणि ती शक्यतो आपल्या गावची, वाडीतली, नात्यातली. कर्ज त्याच्याकडून, जामीन तोच, घरी निरोप पोचवणाराही तोच. त्यामुळे बोट बुडाली की एकाच खाडीच्या काठावरची पाच-दहा घरे एका दिवशी उघडी पडत. तुमच्या माणसाच्या नोंदीत गाव नसेल, पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नोंदीत असू शकते.

घरातली पेटी

संकेतस्थळे उघडण्याआधी घरातली जुनी पेटी उघडा. फोटो असेल तर पुढून कमी आणि मागून जास्त बघा, कारण स्टुडिओचा शिक्का लिव्हरपूलचा आहे की कलकत्त्याचा, यावरून दिशा मिळते. मनीऑर्डरची कुपने, कंपनीचे पत्र, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का, यातले काहीही टाकून देऊ नका. सीडीसीचे, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचे, पुस्तक मिळाले तर अर्धे काम झालेच: त्यात वडिलांचे नाव, गाव, अंगावरच्या खुणा आणि आधीच्या प्रत्येक बोटीची नोंद असते. मात्र बुडालेल्या माणसाचे पुस्तक बहुधा त्याच्याबरोबर जाई. म्हणून त्याच्या भावाचे किंवा मेव्हण्याचे मिळते का ते विचारा. एकाच सारंगाकडे दोघे असण्याची शक्यता मोठी.

स्मारकावरची नोंद

नंतर महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. शोध मोफत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेले 2,000 हून अधिक खलाशी मुंबईच्या 1914-1918 स्मारकावर आहेत. हे स्मारक मशीद बंदरच्या बाजूला, गोदीजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची नावे दगडावर नाहीत, ग्रंथात आहेत: रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे 400 आणि व्यापारी बोटींवरचे जवळजवळ 6,000. या ग्रंथाच्या दोन सारख्या प्रती केल्या, एक मुंबईत आणि एक चितगावात.

इथेच पहिला फसवा खड्डा आहे. नाव 'मुंबई' स्मारकात आहे म्हणून माणूस मुंबई इलाख्याचा, असे होत नाही. त्याच ग्रंथात सिल्हेटचा, नोआखलीचा आणि रत्नागिरीचा खलाशी एकाच पानावर असू शकतो.

शोधताना आडनावाच्या चौकटीवर फार विसंबू नका. कारकुनाने माणसाचे नाव आणि बापाचे नाव लिहिले, आडनाव लिहिलेच नाही. समजा, नोंद 'हसन इस्माईल' अशी आहे. तिथे इस्माईल हे आडनाव धरले जाते, पण तो हसनचा बाप. गावात हे घर परकार, मुकादम किंवा काझी म्हणून ओळखले जात असेल आणि कागदावर त्याचा मागमूसही नसेल. म्हणून दोन्ही शब्द आलटून पालटून टाका. त्याहून उपयोगी म्हणजे 'ॲडिशनल इन्फर्मेशन' ही चौकट. तिथे नुसते रत्नागिरी, जंजिरा किंवा गोवा घालून बघा. "अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक" अशा ओळी तिथेच असतात. आलेला सगळा निकाल तक्त्याच्या रूपात उतरवून घ्या, पुढे लागेल.

हुद्दा नीट वाचा

बोटीवरचा हुद्दा म्हणजे अर्धा पत्ता. मुंबईहून भरलेल्या बोटीवर कामाप्रमाणे प्रदेश वाटलेले असत. डेकवर कोकणी मुसलमान, तसेच दमण, दीव आणि काठियावाडकडचे खारवी. खाली बॉयलरपाशी बहुतेक पंजाबी आणि पठाण. सलूनमध्ये, म्हणजे जेवणखाण आणि केबिनींच्या कामावर, गोव्याचे ख्रिस्ती. त्यामुळे मुंबईच्या बोटीवरचा कुणी 'फायरमन' असेल तर दापोलीत चपला झिजवण्याआधी आजच्या पाकिस्तानकडच्या अटक आणि मीरपूर या भागांचा विचार करा. अपवाद होतेच, पण पहिला अंदाज असाच बांधायचा.

हुद्द्यांचे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात आणि तेच घात करतात. सारंग हा डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, आणि बॉयलरवाल्यांचा सारंग वेगळा. त्याच्या हाताखाली टिंडेल. आपल्या कोळ्यांच्या होडीवर तांडेल हा मुख्य, कंपनीच्या बोटीवर मात्र टिंडेल दुसऱ्या पायरीवर. सुखानी सुकाणू धरणारा, कासाब सामानाच्या कोठीवरचा, टोपास झाडलोट करणारा. आणि भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. रत्नागिरीच्या माणसाला 'भंडारी' वाचले की लगेच जात आठवते, इथे तो हुद्दा आहे. सारंग आणि तांडेल ही आज आडनावेही आहेत, तेव्हा यादीतला शब्द नावाच्या रकान्यात आहे की कामाच्या, हे दोनदा बघा.

बोट कुठे भरली?

बोटीच्या नावापुढे ग्लासगो किंवा लंडन दिसेल. ते बोटीच्या नोंदणीचे बंदर. आपल्याला हवे खलाशी भरल्याचे बंदर, मुंबई की कलकत्ता. पी अँड ओ कंपनी म्हटले की बहुधा मुंबई, ब्रोकलबँक म्हटले की कलकत्ता. सिटी लाइन, क्लॅन लाइन, ब्रिटिश इंडिया यांचे मात्र बोटीगणिक बघावे लागते.

जर्मन पाणबुडीने बुडवलेली बोट असेल तर यूबोट डॉट नेटवर तिचे पान असते आणि बऱ्याचदा माणसांची यादीही. जपानी पाणबुडीने बुडवलेल्या बोटी तिथे मिळणार नाहीत. 'तिलावा'चे उदाहरण घ्या. ब्रिटिश इंडियाची ही बोट 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली, आणि 23 तारखेला जपानच्या आय-29 पाणबुडीने तिला दोन टॉर्पेडोंनी बुडवले. बोटीवर 958 माणसे होती, त्यांतली 280 गेली. तिच्या बातम्या शोधताना लोक प्रवाशांच्या याद्यांत अडकतात. खलाशी प्रवाशांच्या यादीत नसतो.

टोळी मांडा

आता मघाचा तक्ता काढा. त्याच बोटीवर, त्याच तारखेला गेलेली सगळी भारतीय नावे एकाखाली एक लिहा. तीन रकाने करा: नाव, हुद्दा, आणि बाप, बायको किंवा गाव यातले जे काही मिळेल ते. डेकवाले, बॉयलरवाले आणि सलूनवाले वेगळे काढा. मग डेकवाल्यांत सारंग कोण ते बघा. त्याचे वय बहुधा जास्त, आणि गावाची नोंद मिळण्याची शक्यताही जास्त. सारंग आणि आणखी दोघे-तिघे एकाच तालुक्याचे निघाले, तर ज्याच्यापुढे काहीच लिहिलेले नाही तो तुमचा माणूसही त्याच टापूतला असावा, एवढे म्हणायला हरकत नाही. हा पुरावा नव्हे, पण कुठल्या एसटीत बसायचे ते यावरून ठरते.

वयावर विश्वास टाकू नका. 30, 35, 40 असे गोल आकडे सगळीकडे दिसतात, ते अंदाजे सांगितलेले आणि अंदाजे लिहिलेले असतात.

लंडनमधले कागद

क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये खलाशांचे कागद 'बीटी' या अक्षरांखाली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांच्या याद्या बीटी 381 मध्ये, समुद्रात झालेल्या मृत्यूंची रजिस्टरे बीटी 334 मध्ये. 1941 पासूनच्या केंद्रीय नोंदणीत, म्हणजे बीटी 382 मध्ये, भारतीयांचा वेगळा विभाग आहे. पहिल्या महायुद्धासाठी 1915 सालच्या याद्या मोफत शोधता येतात. आपल्या लोकांचा करार वेगळ्या कागदावर, एशियाटिक आर्टिकल्सवर होई. म्हणून गोऱ्या खलाशांच्या यादीत नाव नाही असे दिसले तर तिथेच माघारी फिरू नका, त्याच बोटीचा दुसरा करार मागा.

माणूस बुडाला नसून कैद झाला असेल, हेही लक्षात असू द्या. जर्मनीत ब्रेमेनजवळ मिलाग नॉर्ड ही व्यापारी खलाशांची छावणी होती आणि तिथे भारतीयही होते. छावणीत वारलेल्याची कबर असू शकते, आणि मग तो मुंबईच्या यादीत सापडणार नाही.

गावाचे नाव मोठ्याने वाचा

ही पायरी सर्वांत मजेची. इंग्रज कारकुनाने जे ऐकले ते लिहिले, म्हणून स्पेलिंग डोळ्यांनी नव्हे, कानांनी वाचायचे. रत्नागिरीत 'आर'नंतर 'ए'च्या जागी 'यू' आला आणि शेवटी 'घेरी' झाले तरी ती रत्नागिरीच. चिपळूणच्या शेवटी दोन 'ओ' येतात. दाभोळचे डाबुल होते. बाणकोट कुठे कुठे फोर्ट व्हिक्टोरिया म्हणून येते आणि जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हटलेले असते. नुसते 'खेड' दिसले तर पुण्याकडे जाऊ नका, खलाशी असेल तर आधी रत्नागिरीतले खेड. अडलेच तर त्या बाजूच्या म्हाताऱ्या माणसाला फोन लावा आणि इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी वाचून दाखवा. नकाशा तासभर उलगडून जे हाती लागत नाही, ते तो "अरे, ती आमच्या खाडीपलीकडची वाडी" म्हणून क्षणात सांगतो.

जिल्हेही बदललेत. सिंधुदुर्ग 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि कुलाब्याचे रायगडही त्याच वर्षी झाले. म्हणजे कागदावरची 'रत्नागिरी' आजच्या मालवणपर्यंत पसरलेली आहे.

तहसील, शाळा, जमात

गाव हाती आले की तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. दोन गोष्टी मागा. पहिली कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद. दुसरी, आणि माझ्या मते जास्त बोलकी, जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावे झाली याच्या नोंदी. समुद्रात गेलेल्याची मृत्यूची नोंद गावात होईलच असे नाही. पण त्याच्या नावावर चार गुंठे असले तरी ते कधीतरी वारसांच्या नावे चढवावे लागतात. मग तिथे लिहिलेले असते: अमुक मयत, वारस मुलगा अमुक, अज्ञान, अ.पा.क. आई अमुक. पोर लहान, म्हणून पालनकर्ती आई. विधवेचे नाव, मुलाचे नाव, कधी भाऊ, कधी बहीण, सगळे घर त्या अडीच ओळींत उभे राहते.

फेरफार मृत्यूच्याच वर्षी शोधून सोडू नका. प्रेत नाही, दाखला नाही, आणि बेपत्ता माणूस मयत धरायला कायद्याने सात वर्षे. माणूस 1942 ला गेला असेल तर निदान 1955 पर्यंतची पाने बघा. काही जिल्ह्यांचे फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. जुनी पाने मोडीत असली तर मोडी वाचक गाठा, अंदाजाने वाचू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाच्या नावापुढे बापाचा धंदा 'खलाशी' असा सापडू शकतो. मुसलमान घर असेल तर जमातीच्या कारभाऱ्यांना भेटा, आणि कागदाआधी चहा घ्या.

गोव्याचा खलाशी

इथे उलटी अडचण, आडनाव आहे पण ते हजारोंचे. डिसोझा आणि फर्नांडिस शोधण्यात अर्थ नाही, गाव आधी हवे. त्यासाठी धोबी तलावच्या बाजूचे कूड, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांचे मुंबईतले वसतिगृह, गाठा. गोव्यातल्या गावागावाचे मुंबईत एकेक कूड असे आणि बोट मिळेपर्यंत खलाशी आपल्याच गावच्या कुडात पेटी टाकून राही. कुणी कुठल्या कुडात उतरायचे हे घरात कुणाला आठवत असेल, तर गाव तिथेच सापडले. पुढे त्या गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद आणि पणजीचे पुराभिलेखागार.

शेवटची पायरी, जी बहुतेक लोक विसरतात

गाव सापडले, बाप सापडला, विधवेचे नाव सापडले की ते वॉर ग्रेव्ह्ज कमिशनला कळवा. पुरावा दिला तर ते नोंदीत दुरुस्ती करतात. फेरफाराची सहीशिक्क्याची नक्कल, तिचे इंग्रजी भाषांतर आणि आताच्या स्पेलिंगमध्ये गाव, तालुका, जिल्हा असे तिन्ही पाठवा. टोळीचा तक्ताही सोबत जोडा. त्या बोटीवरच्या इतर खलाशांची गावेही अजून रिकामीच असतील.