शापस्तोत्रे कशी वाचावीत

बायबलमधील स्तोत्रसंहितेत शत्रूवर शाप मागणारी काही स्तोत्रे आहेत; तीच शापस्तोत्रे. त्यांपैकी १३७वे स्तोत्र बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नद्यांकाठच्या विलापाने सुरू होते आणि शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणून नवव्या वचनाशी संपते. ते वाचताना प्रथम प्रसंग ध्यानात घ्यावा: इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त करून अनेक यहुद्यांना बंदिवान करून बाबेलला नेले. बालहत्या ही त्या काळच्या युद्धांतली परिचित क्रूरता होती (बायबलमधील नहूम संदेष्ट्याचा ग्रंथ, ३:१०), म्हणून ‘तू आम्हांला केलेस तसे’ हे आठव्या वचनातले शब्द निसटू देऊ नयेत.

त्यानंतर कोण कोणाशी बोलतो हे पाहावे. सातव्या वचनात अदोमी लोकांचा, म्हणजे यहुद्यांच्या शेजारच्या राष्ट्राचा, अपराध आठवण्याची विनंती परमेश्वराला आहे. पुढची दोन वचने मात्र बाबेललाच उद्देशून आहेत, आणि बोलणारा स्वतः शस्त्र उचलण्याची भाषा कोठेही करत नाही.

१०९व्या स्तोत्रात व्याकरण अधिकच उपयोगी पडते. आरंभी शत्रू अनेकवचनी आहेत, पण सहाव्या वचनापासूनचे शाप एकाच माणसावर कोसळतात. त्यामुळे काही अभ्यासक ते शाप शत्रूंच्याच तोंडचे मानतात. मला हा अर्थ आकर्षक वाटतो, परंतु विसावे वचन त्याच्या आड येते: तेथे स्तोत्रकर्ता स्वतःच आपल्या विरोधकांना परमेश्वराकडून हेच प्रतिफळ मिळो असे म्हणतो.

रोमन कॅथलिक चर्चने १९७० नंतरच्या नित्यप्रार्थनेतून ५८, ८३ व १०९ ही स्तोत्रे वगळली. अभ्यासकाने मात्र ती गाळू नयेत.