क्यूब्ससाठी जुना थिंकपॅड: पेनड्राइव्ह आधी, लॅपटॉप नंतर

क्यूब्स ओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बँकेचं काम एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्याच वेगळ्या, बंदिस्त संगणकात), अनोळखी पीडीएफ दुसऱ्यात. पण ही तटबंदी हार्डवेअरने साथ दिली तरच टिकते, म्हणून इन्स्टॉलरची पेनड्राइव्ह खिशात घालूनच दुकानात जा.

१६ जीबीची पेनड्राइव्ह घ्या. लाइट गेली आणि क्यूब्सच्या फाइलचं डाउनलोड अर्धवट राहिलं, तर फाइल पूर्ण आल्यासारखी दिसते आणि इन्स्टॉल मध्येच अडतं. म्हणून आधी जीपीजी सही, म्हणजे फाइल अस्सल आणि पूर्ण असल्याची डिजिटल सही, तपासा. मास्टर सायनिंग की, म्हणजे क्यूब्सची सही करायची मूळ किल्ली, तिचा फिंगरप्रिंट (ओळख पटवणारी अक्षरं-आकडे) दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून जुळवा. एकाच साइटवरून फाइल आणि फिंगरप्रिंट दोन्ही घेतले, तर तपासून उपयोग काय? विंडोजवर रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह लिहीत असाल तर डीडी मोड निवडा.

संभाजीनगर-नांदेडकडे कंपन्यांतून उतरलेले थिंकपॅड मिळतात. त्यातला टी४८० बरा, पण नुसत्या इंटेल ग्राफिक्सचा. एनव्हिडिआची चिप डोकेदुखी ठरते. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट असतात. टी४८०एस दिसायला सख्खा भाऊ, पण त्यात थोडी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आणि स्लॉट एकच. ६ जीबीवर क्यूब्स चालू होतं, चालत मात्र नाही. १६ जीबी रॅम आणि निदान १२८ जीबीची एसएसडी हवीच.

आता काउंटरवर. बटण दाबताच एफ१ दाबत राहा, बायोस (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडेल. सुपरवायझर पासवर्ड मागितला, तर लॅपटॉप तिथेच ठेवा. आतला सेल काढून तो पासवर्ड जात नाही. तो बोर्डावरच्या चिपमध्ये बसलेला असतो. 'करून देतो ना' असं दुकानदार म्हणाला, तर त्याने पासवर्ड काढून दिल्यावरच पैसे द्या.

बायोस उघडलं की सिक्युरिटीखाली व्हर्च्युअलायझेशन आणि व्हीटी-डी दोन्ही चालू करा, सिक्युअर बूट बंद करा. व्हीटी-डी नसेल तर नेटवर्क कार्ड थेट मेमरीला हात घालू शकतं. मग त्याला वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंडून काही साधत नाही. अँटी थेफ्टमध्ये कॉम्प्युट्रेस (हरवलेल्या लॅपटॉपचा माग काढणारी सोय) कायमचं बंद करता येतं, करून टाका. मग पेनड्राइव्हवरून बूट करा. भाषा निवडल्यावर 'अनसपोर्टेड हार्डवेअर डिटेक्टेड' अशी पाटी आली आणि खाली आयओएमएमयू (म्हणजे व्हीटी-डीचीच सोय) लिहिलं असेल, तर एकदा बायोस पुन्हा बघा. तरीही पाटी हटली नाही तर दुसरा नग मागा.

टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग होतं का, हेही बघा. २०१७-१८ च्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टचं (या पोर्टमागच्या चिपचं) जुनं फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं सॉफ्टवेअर, हा पोर्ट निकामी करू शकतं. पोर्ट चालू असेल तर विंडोज पुसण्याआधी फर्मवेअर अपडेट करून घ्या, बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला ठेवून.

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्शन आपोआप निवडलेलं असतं, तसंच राहू द्या. पासफ्रेज इंग्रजी अक्षरांतच ठेवा. मराठी कीबोर्ड रोजच्या कामाला लावा, पण बूटच्या वेळी तो मिळेलच असं नाही. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड वापरणार असाल तर यूएसबी क्यूब (यूएसबी पोर्ट सांभाळणारं वेगळं व्हर्च्युअल मशीन) बनवताना सांभाळा, नाहीतर आपल्याच मशीनबाहेर राहाल. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड सहसा पीएस/२ (यूएसबीविना जोडलेला) असतो, त्याला हा धोका नाही.

क्यूब्स सुरक्षेसाठी हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरच्या एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं) बंद ठेवतं, म्हणून आठ थ्रेडच्या आय५ मध्ये चारच हाती लागतात. ग्राफिक्स चिपचा वेगही व्हर्च्युअल मशीनना मिळत नाही. व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पंखा किंचाळतो. आधी मागचं झाकण उघडून धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला.

एसटीने जायचं असेल तर झाकण मिटून निघू नका, शटडाउन करा. स्लीपमध्ये डिस्कची किल्ली रॅममध्येच असते, आणि हायबरनेटची सोय क्यूब्समध्ये नाही.