जुन्या चेतकच्या मीटरचे आकडे सरकत नसतील तर

मीटर बंद पडलं की लगेच खोलायला घेऊ नका. आधी एक चक्कर मारा आणि काटा हलतो का, आकडे सरकतात का, ते बघा.

दोन्ही ठप्प असतील तर दोष बहुधा मीटरबाहेर असतो. पुढच्या चाकापासून मीटरपर्यंत येणारी केबल सोडवून आतली तार ओढून काढा. तुटली असेल किंवा तिचं चौकोनी टोक झिजून गोल झालं असेल तर नवी घाला. तार धड असेल तर पुढच्या चाकापाशी असलेल्या छोट्या पिनियनचे, म्हणजे तार फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दाते तपासा. नव्या तारेला ग्रीस लावताना मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेवा. फिरत्या तारेबरोबर ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरतं.

काटा चालतो पण आकडे थांबलेत, असं असेल तरच मीटर उघडायचं. काट्याला कुठल्याही दात्याचा आधार नसतो. तारेमुळे मीटरमधलं चुंबक फिरतं आणि त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी काट्यासकट वळते. आकडे मात्र चाकांच्या दात्यांवर चालतात. एक दाता तुटला किंवा एखादं चाक दांड्यावर सैल झालं की पुढचं सगळं थांबतं.

आधी आकड्यांचा फोटो काढा. मग हँडलचं वरचं झाकण उचला, केबलचा नट आणि बल्ब सोडवून मीटर बाहेर घ्या. काचेभोवतीची दुमडलेली पट्टी बारीक स्क्रू ड्रायव्हरने थोडी थोडी, गोल फिरत उचला. एकाच जागी जोर दिलात तर ती फाटेल. काटा उपटू नका! त्यामागची केसासारखी स्प्रिंग वाकली की वेग कायमचा चुकीचा दिसतो.

सुकलेलं ग्रीस ब्रशने काढा, पण आकड्यांना पेट्रोल किंवा थिनर लागू देऊ नका, रंग निघतो. सैल चाक दांड्यावर चिकटवता येतं. दाते तुटले असतील तर तशाच भंगार मीटरमधलं चाक शोधा, दाते मोजून. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एक फेरी मारण्यासारखी आहे. आकड्यांच्या चकत्या फोटोतल्या आकड्यावरच जुळवा. गाडी किती धावली हे पुढच्या मालकाला खरं कळायला हवं.

पट्टी दुमडण्याआधी केबल जोडा. कुणाला तरी मागून गाडी दाबायला सांगा आणि उचललेलं पुढचं चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा. ३.५०-१० मापाच्या टायरचा परीघ साधारण १.३५ मीटर असतो, म्हणजे ७५ फेऱ्यांत १०० मीटर. तेवढ्यात उजवीकडची शेवटची चकती सरकलेली दिसली पाहिजे. मग काच बसवा आणि हमरस्त्यावरचे किलोमीटरचे पाच दगड मोजत एकदा पडताळून बघा.