खुर्ची ओढण्याआधी कापडावरची ओळ वाचा

कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलाजवळ गेलात की लगेच बसू नका. हिरव्या कापडावर अर्धगोलात इंग्रजीत एक ओळ छापलेली असते: ब्लॅकजॅकला तीनास दोन, नाहीतर सहास पाच. मी डिचोलीची. मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर डीलर, म्हणजे पानं वाटणारी, होते, आणि ती ओळ वाचणारं गिऱ्हाईक विरळाच. सहा हा आकडा तिनापेक्षा मोठा म्हणून खूश होणारेसुद्धा पाहिलेत. (१ फेब्रुवारी २०२० पासून आम्हा गोंयकारांना खेळायला आत बंदीच आहे, त्यामुळे हे सगळं कोल्हापूर-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी.)

हिशेब हजाराच्या पैजेवर करू. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान, म्हणजे दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा, आलं की ब्लॅकजॅक. तीनास दोनच्या टेबलावर त्याचे दीड हजार मिळतात, सहास पाचवर बाराशे. काही टेबलं तर हजाराला हजारच देतात. आता हे तीनशे किती वेळा बुडतात ते बघा. सहा कॅटच्या शूमध्ये, म्हणजे पानांच्या पेटीत, ३१२ पानं, त्यात २४ एक्के आणि ९६ दहाची पानं. साधारण २१ हातांत एकदा ब्लॅकजॅक लागतो. कधी डीलरलाही लागतो आणि हात बरोबरीत सुटतो. म्हणून शंभर हातांत पैसे देणारे साडेचार धरा. साडेचार गुणिले तीनशे, म्हणजे साडेतेराशे.

हे थोडे वाटतात? चांगल्या नियमांच्या तीनास दोन टेबलावर, कधी पान घ्यायचं आणि कधी थांबायचं याचा तक्ता पाठ करून खेळणाऱ्याचं शंभर हातांमागे सरासरी नुकसान पाचशेच्या आसपास असतं. सहास पाचवर तेच साडेअठराशे होतं. हजाराला हजार असेल तर पावणेतीन हजार. पानं तीच, खेळणारा तोच.

कुठलीही ‘ऑफर’ दिसली की हाच गुणाकार करा. ‘एकाच रंगाच्या ब्लॅकजॅकला दुप्पट’ असं लिहिलंय आणि बाकीच्यांना सहास पाच? एक्का बदामचा तर दुसरं पानही बदामचं, असं चारातून एकदा होतं. त्या एका वेळी तीनास दोनपेक्षा पाचशे जास्त मिळतात, उरलेल्या तिन्ही वेळा तीनशे जातात. चार ब्लॅकजॅकमागे चारशेचा खड्डा. आणि अट फक्त इस्पिकची असेल तर सोळातून एकदा पाचशे, पंधरा वेळा तीनशे वजा. फलक मात्र सोनेरी अक्षरांत असतो.

उलटंही घडतं. पाच पानं घेऊन न फुटलात, म्हणजे बेरीज २१ च्या वर गेली नाही, तर आपोआप जिंकलात, हा नियम खरोखर मोलाचा आहे. खेळाडूच्या बाजूने जवळपास दीड टक्का. म्हणजे तो असलेलं सहास पाचचं टेबल साध्या तीनास दोनच्या बरोबरीला येतं. सहा पानांची अट मात्र जवळजवळ शोभेची.

ब्लॅकजॅक स्विच नावाच्या प्रकारात तुमच्या दोन हातांची दुसरी पानं अदलाबदल करता येतात. ती मोठीच सवलत, पण तिची किंमत दोनदा वसूल होते: ब्लॅकजॅकला हजाराला हजार, आणि डीलर २२ वर फुटला तरी बहुतेक हात बरोबरीत. या खेळाला वेगळा तक्ता लागतो. तो येत नसेल तर बसू नका, एवढंच.

डीलरचा एक्का उघडा आणि तुमचा ब्लॅकजॅक, तेव्हा ‘इव्हन मनी घेणार, सर?’ असं विचारतात. मीही हसतमुखाने विचारायचे. तीनास दोनवर ‘हो’ म्हणालात तर हजार पक्के. ‘नको’ म्हणालात तर दहांतून जवळजवळ सात वेळा दीड हजार, बाकी वेळा बरोबरी, सरासरी १,०३९. तेव्हा ‘नको’ म्हणा.

एक गोष्ट कापडावर नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो चिप्स घेतानाच लागतो. तीनास दोन शोधून वाचवलेले साडेतेराशे त्याच्यापुढे किरकोळ, म्हणून चिप्स कितीच्या घ्यायच्या हे खोलीवरच ठरवून निघा.

शेवटचं, पैज टेबलावरच्या सगळ्यात लहान चिपच्या सम पटीत लावा. ती चिप शंभराची असेल आणि तुम्ही पाचशे लावले, तर ब्लॅकजॅकचे साडेसातशे होतात. ते पन्नास कसे देणार, हे पानं वाटायच्या आधी विचारा.