पित्ताशय काढल्यावर माझं पोट कसं ताळ्यावर आलं

ऑपरेशन नीट झालं, पण पुढे दीड महिना जेवले की अर्ध्या तासात शौचाला धावायचं. फोंड्याहून पणजीची बस धरायचीही धास्ती वाटायची. वैद्यांनी शांतपणे समजावलं: पित्त यकृत तयार करतं, पित्ताशय ते फक्त साठवतं. आता ते थेंबथेंब सतत आतड्यात उतरतं, म्हणून एकदम तेलकट, नारळाचं खाल्लं की झेपत नाही. आधी अग्नी, म्हणजे पचनशक्ती, सांभाळायचा.

सकाळी उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि चिमूटभर सुंठ घालून. दुपारी लोणी पूर्ण काढलेलं पातळ ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड. जिरं मंद आचेवर तांबूस होईपर्यंतच भाजायचं, काळं पडलं की कडू लागतं. हुमण, म्हणजे आमची नारळाच्या वाटपातली माशांची आमटी, सोडणं सगळ्यात जड गेलं! त्याऐवजी नारळ न घातलेली कोकमाची कढी. जेवण पाच वेळा, थोडं थोडं. वैद्यांनी कुटजारिष्ट हे जुलाबावरचं आयुर्वेदिक औषध दिलं, ते सर्जनना विचारूनच घेतलं.

तीन आठवड्यांत फरक पडला. आता रविवारी हुमण खाते, अर्धी वाटी. ताप, कावीळ किंवा उजव्या बरगडीखाली कळ आली, तर मात्र काढ्यांवर दिवस काढू नका, तडक डॉक्टर गाठा.