झड उघडली? युरियाची गोणी फोडण्याआधी मुठीत माती घ्या

आठ दिवस झड लागते, मग उघडीप मिळते आणि मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडलेलं दिसतं. लगेच हात जातो तो युरियाच्या गोणीकडे. जरा थांबा. या घडीला पिकाला टंचाई आहे ती हवेची.

मुळंही श्वास घेतात. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा साधारण निम्मी-निम्मी असली की आपण वापसा आला म्हणतो. झडीत या पोकळ्या पाण्यानं भरतात, प्राणवायू संपतो, आणि मूळ पाण्यात बुडालेलं असूनही त्याला पाणी ओढवत नाही, अन्नही नाही. हवेतला नत्र बांधणाऱ्या मुळांवरच्या गाठीही मंदावतात. खुरप्यानं एक झाड उकरून गाठ नखानं फोडून पाहा. आत गुलाबी असेल तर तिचं काम चालू आहे. हिरवट-करडी निघाली तर बंद.

म्हणून आधी उताराच्या बाजूनं चर काढून पाणी बाहेर काढा. मग मूठभर मातीचा लाडू वळून कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर कोळपं घाला. थपकन बसला तर आणखी दोन दिवस कळ काढा, नाहीतर ढेकळं निघतील आणि रान आणखी आवळेल. सोयाबीन फुलात आलं असेल तर कोळपणी नकोच.

वापसा आल्यावरही पिवळेपणा राहिला तर तो कुठून सुरू झाला ते बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी: १० लिटर पाण्यात १९:१९:१९ हे विद्राव्य खत १०० ग्रॅम घेऊन फवारा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. चुनखडीच्या रानात हमखास दिसतं. तिथं १० लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. पानावर हिरवे-पिवळे चट्टे मिसळलेले असतील तर तो मोझॅक. पांढरी माशी पसरवते, खतानं हटत नाही. अशी झाडं उपटून नष्ट करा.

कपाशीची गोष्ट वेगळी. उघडीप पडून कडक ऊन आलं की चांगली हिरवीगार झाडं अचानक माना टाकतात. हा आकस्मिक मर, आणि इथं मात्र वाट बघू नका. साचलेलं पाणी काढा, लगेच १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश, २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून झाडागणिक १०० ते १५० मिली बुंध्याशी आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता, आणि बुंध्याजवळची माती पायानं दाबून घ्या.

उरलेली गोणी फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. कपाशीच्या पुढच्या हप्त्याला लागेलच.